मुहूर्ताची गाडी

सरासरी ही मोठी भिडस्त बाई. चारचौघांत एकजण जरा मोठ्याने बोलला की ही लगेच त्याच्या बाजूला सरकते. बी.कॉम.च्या पुस्तकात हे वाचलं होतं, पण पटवलं ते बोदवडच्या कापसाने.

आमच्या खानदेशात गणेश चतुर्थीच्या सुमारास व्यापारी कापूसखरेदीचा मुहूर्त करतात. काट्याची पूजा होते, नारळ फुटतो आणि पहिल्या गाडीला असा काही भाव मिळतो की कापूसही लाजावा. दुसऱ्या दिवशी आमच्या काउंटरवर आप्पा हजर! "भाऊसाहेब, सरासरी काय भाव धरू? पोरीचं लग्न त्यातच बसवायचंय."

समजा, पाच गाड्यांना क्विंटलमागे भाव मिळाले ७०००, ७१००, ७२००, ७३०० आणि मुहूर्ताचे १४०००. सरासरी आली ८५२०. हा भाव पाचांपैकी एकालाही मिळालेला नाही! म्हटलं, "आप्पा, भाव चढत्या क्रमाने लिहा आणि मधल्यावर बोट ठेवा." आलं ७२००. हा मध्यक. मुहूर्ताचा भाव चौदा हजार होवो की चौदा लाख, बोट हलत नाही. निम्म्याहून कमी गाड्यांना वेड लागलं तरी मध्यक शुद्धीवर असतो. सरासरीला एकच वेडी गाडी पुरते. बाजार समित्याही किमान आणि कमाल भावाशेजारी 'सर्वसाधारण' भाव लावतात, तो उगीच नव्हे.

"मग सरासरी टाकूनच द्यायची?" आप्पा म्हणाले. छे! पाचही गाड्या आप्पांच्याच आणि माल सारखा असता, तर एकूण पैसे सरासरीवरूनच निघाले असते. तिजोरीला मध्यक चालत नाही. तिथे प्रत्येक रुपया हजेरी देतो.

पीकविम्याचं बघा. प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या २०१८ च्या सुधारित नियमांत उंबरठा उत्पादन काढताना सात वर्षांपैकी उत्तम पाचच वर्षं धरली. बुडीत वर्षं मोजली तर उंबरठाच खाली येतो आणि नुकसान कागदावर दिसेनासं होतं. पण यंदाच पीक बुडालं, तर ते कसं छाटणार? विमा त्याच्यासाठीच तर काढला! नेहमीचं काय ते हवं असेल तर विचित्र आकडा बाजूला ठेवावा. त्याचीच झळ सोसायची असेल तर त्याला मांडीवर घ्यावं.

आप्पांनी ७२०० धरून यादी केली. मी एवढंच बजावलं, "जमेला मधला आकडा धरा, खर्चाला नको. व्याह्यांचा रुसवा एकदाच होतो, पण तो छाटता येत नाही."