पोट उडतं तेव्हा

माझ्या बेंबीभोवती पाच काळे ठिपके आहेत. लहानपणी गावच्या नदीवर पोहायला जायचो तेव्हा त्यांचं कुणाला काही वाटायचं नाही, कारण निम्म्या पोरांच्या पोटांवर तसेच होते. कुणाचे तीन, कुणाचे पाच, एकाच्या तर बरगडीखालून ओळच गेलेली. पुढे अमरावतीला कॉलेजात आलो आणि वसतिगृहाच्या नळावर एका मुलाने विचारलं, ‘हे काय गोंदलं बे?’ तेव्हा कुठे मला कळलं की हे सगळ्यांच्या पोटावर नसतं.

ती बिब्ब्याची फुलं. मी सव्वा महिन्याचा होतो, पौषातली थंडी होती, घरात पऱ्हाटीची चूल धुमसत होती आणि आजीच्या भाषेत माझं पोट उडत होतं. श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडायचा, नाकपुड्या फुलायच्या, दूध ओढता ओढता मी मध्येच सोडून द्यायचो. आजीने बिब्बा दाभणाला टोचून दिव्यावर धरला. तेल सुटलं तसा पाच जागी टेकवला. गावचा वरठी कपड्यांवर खूण करायला हेच तेल वापरायचा, कितीही आपटलं तरी न निघणारं. आजीनेही मला खूणच केली म्हणायची. हे आमच्या घरचं आहे, कुणी नेऊ नये.

मी वाचलो. माझ्याबरोबर बिब्ब्याची अब्रूही वाचली. पुढे कितीतरी वर्षं आजी आल्यागेल्याला माझं बनियन वर करून दाखवायची.

यंदाच्या नाही, मागल्या पौषात रात्री पावणेदोनला अकोल्याहून सुनेचा व्हिडिओ आला. तीस सेकंदांचा. कुंची काढलेली, झबलं वर सरकवलेलं, झिरोच्या दिव्यात माझ्या दोन वर्षांच्या नातीचं पोट. खाली लिहिलेलं, ‘बाबा, हे असं बरोबर आहे का?’ मी चष्मा शोधत होतो. बायकोने चष्म्याशिवायच पाहिलं आणि म्हणाली, ‘अवो, पोट उडून राह्यलं लेकराचं.’ आजीला जाऊन चाळीस वर्षं झाली. तिचा शब्द आमच्याच खोलीत कुठेतरी बसून होता, एवढं त्या रात्री समजलं.

मी व्हिडिओ पुन्हा लावला आणि मोजलं. तीस सेकंदांत एकोणतीस.

अमरावतीहून अकोला शंभरेक किलोमीटर. या रस्त्याने आमच्या पिढीची कंबर मोडली. खड्डे, अर्धवट खोदकाम, धूळ, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत पोटातलं सगळं ढवळून निघालेलं. मग 2022 च्या जूनमध्ये 3 ते 7 तारखेच्या दरम्यान इथे 75 किलोमीटरची मार्गिका 105 तास 33 मिनिटांत डांबरली आणि गिनीज बुकात नोंद झाली. तेव्हा आम्ही थट्टा केली होती की दहा वर्षं वाट पाहायला लावायची आणि चार दिवसांत उरकायचं, विक्रम नेमका कशाचा? त्या रात्री बोरगाव मंजू मागे पडलं तेव्हा घड्याळ पाहिलं आणि त्या डांबराला मनातल्या मनात हात जोडले. बायको सगळ्या वाटेत एकच बोलली. ‘मी फुटाणे दिले होते तिले. संक्रांतीले.’

फुटाण्याचं भय खोटं नव्हतं. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी सुनेला पहिला प्रश्न तोच विचारला होता. शेंगदाणा, फुटाणा, तुरीचा दाणा, सीताफळाची बी असं काही तोंडात असताना पोर हसलं, रडलं, ठसकलं का? दाणा श्वासनळीत उतरला तर पोर एकदा खोकतं आणि मग गप्प होतं, आणि पुढे दिवसेंदिवस कुणाला कळत नाही की दम का लागतो आहे. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंना बराच वेळ कान दिला. हवा दोन्हीकडे सारखी जात होती. एक्स-रे स्वच्छ निघाला. संक्रांत होऊनही आठवडा झाला होता. बायको बाकावर बसली ती मात्र आरोपीसारखीच.

नातीच्या तोंडावर वाफेच्या मशीनचा मास्क. ती तो दोन्ही हातांनी ओढत होती, आणि रडल्याने वाफ जास्त आत जाते असं समजून नर्स तिला रडू देत होती की काय, असा मला उगाच संशय. वीस मिनिटांनी खड्डा उथळ झाला. मुलगा डॉक्टरांच्या मागे लागला, ‘पण झालं काय?’ डॉक्टर तरुण होते, अकोटकडचे असावेत. त्यांनी मला विचारलं, ‘काका, घरी ठिबक आहे का?’ लिंबाला आहे म्हणालो. ‘नळीत क्षार बसले तर पाणी किती कमी होतं? पोराची श्वासनळी तुमच्या लहान नळीएवढीच. ती निम्मी आकसली तर हवा ओढायला दुप्पट नाही, सोळा पट जोर लागतो. तो जोर पोटावर दिसतो.’

हे मला पटलं. ठिबकच्या नळ्या फुंकून फुंकून माझे गाल दुखले आहेत.

पण नळी का आकसली? सर्दीच्या विषाणूने असेल. धुराने, धुळीने असेल. दमाही असेल, पण पाच वर्षांखालच्या मुलाला आम्ही लगेच दमा म्हणत नाही, ते म्हणाले. बरीच पोरं वयाबरोबर यातून निघतात. ‘थांबून पाहू.’ बायकोने मला बाहेर नेऊन बजावलं, ‘पोरीची जात आहे. दम्याचं नाव कोणाजवळ काढू नका.’ नात दोन वर्षांची, आणि हिला तिच्या लग्नाची काळजी! मी चिडलो. नंतर लक्षात आलं, तिलाही त्या रात्री काहीतरी पुढचं धरून ठेवायचं होतं. लग्न म्हणजे वीस-बावीस वर्षं. तेवढी तर नात नक्की जगायला हवी.

‘थांबून पाहू’ हे दोन शब्द ज्याला झेपले त्याने मला भेटावं. आम्हाला नाही झेपले. घरी आल्यावर आम्ही गुन्हेगार शोधायला बसलो. अगरबत्ती बंद झाली, मच्छरची कॉइल बंद झाली, शेजारच्यांची मांजर बदनाम झाली. शेवटी बोट कापसाकडे वळलं. दिवाळीपासून गावच्या घराची मधली खोली कापसाने भरलेली होती. भाव चढेल म्हणून वऱ्हाडात घरोघर हेच चाललेलं असतं. माणसं ओसरीत झोपतात आणि कापूस खोलीत. संक्रांतीला नात आली ती त्या ढिगात बुडी मारायची, पांढरी होऊन बाहेर यायची, शिंकायची आणि पुन्हा बुडी. दुसरा पुरावा कशाला हवा? मी आठ दिवसांत सगळा कापूस त्या दिवशीच्या भावाने जिनिंगला घातला. नंतर भाव काय झाला ते मुद्दाम पाहिलं नाही.

पावसाळ्यात, अकोल्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जिथे कापूस म्हणजे दिव्याची वात तेवढी, तिथे नातीचं पोट पुन्हा उडालं. कापूस निर्दोष सुटला.

मधल्या काळातली एक गोष्ट आहे, ती सांगायला मी टाळाटाळ करतो आहे. 2025 चा फेब्रुवारी. माझी आई टीव्हीसमोर बसलेली. तिला ऐकू कमी येतं, म्हणून आवाज सगळ्या आळीला. बातमी मेळघाटातली होती. चिखलदरा तालुक्यातलं गाव, 22 दिवसांचं बाळ, श्वास घ्यायला त्रास होत होता, आणि त्याच्या पोटावर तापलेल्या विळ्याने 65 डाग दिलेले. तिकडे याला डंबा म्हणतात. बाळाला अमरावतीच्या दवाखान्यात हलवलं, हृदयातच जन्मजात दोष असावा असा डॉक्टरांना संशय, डाग देणाऱ्या म्हातारीवर गुन्हा. पडद्यावर ते पोट पुसट करून दाखवत होते. सून सुटीत आलेली होती, ती म्हणाली, ‘माणसं आहेत का राक्षस?’

माझा हात बनियनवर गेला.

राक्षस म्हणणं सोपं आहे. त्या म्हातारीने जे केलं ते भयंकरच. त्या बाळाच्या अंगावरच्या एकेका चटक्याला माफी नाही, आणि कायदा आला म्हणून मला वाईट वाटत नाही. पण 65 हा आकडा मला झोपू देईना. एक डाग देऊन भागलं नाही. पाच देऊन, दहा देऊन भागलं नाही. श्वास तसाच. पुन्हा विळा चुलीत. माझ्या आजीचा दिवा आणि तो विळा यांच्यात फरक आहे, आहेच. तरीही दोन्ही हात सारखेच घाबरलेले होते, एवढं मला माझ्या पोटावरून कळतं. कापूस विकणारा माझा हातही त्यांच्यातलाच. फक्त माझ्या घाबरण्याने क्विंटलमागे नुकसान झालं, लेकराच्या कातडीचं नाही. आणि माझ्या दारातून दवाखान्यापर्यंत चार दिवसांत डांबरलेला रस्ता होता.

आईने टीव्ही बंद केला. मग ती म्हणाली, ‘तुह्या भावालेही घातले होते.’

मला मोठा भाऊ नव्हता. म्हणजे होता, माझ्या आधीचा, दोन महिन्यांचा होऊन गेला, एवढं माहीत होतं. कशाने गेला ते घरात कुणी बोललं नाही. ‘त्याचंही पोटच उडे. त्याले सात घातले होते,’ आई म्हणाली. ‘तुले पाच.’

सासष्ट वर्षं माझी आजी, मग माझी आई, मग मी, पाच ठिपक्यांची गोष्ट सांगत आलो. सात ठिपक्यांची गोष्ट सांगायला कुणी उरलंच नव्हतं. गावोगाव बिब्ब्याची साक्ष द्यायला आम्ही वाचलेले तेवढे हजर.

डॉ. रवींद्र कोल्हे मेळघाटात बैरागडला राहायला गेले, त्याआधी त्यांच्या एका गुरूने त्यांना काही अटी घातल्या होत्या असं ते सांगतात. सोनोग्राफीवाचून बाळंतपण करता यायला हवं, आणि एक्स-रेवाचून न्यूमोनिया ओळखता यायला हवा. कोल्हे दांपत्याला 2019 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पेपरात एक रुपया फीचीच चर्चा जास्त झाली. मला ती एक्स-रेवाचूनची अट मोठी वाटते. एक्स-रेवाचून न्यूमोनिया ओळखायचा म्हणजे काय करायचं? पोराजवळ बसायचं, अंगावरचं उचलायचं आणि मोजायचं.

तिकडे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी 1988 च्या सुमारास हीच मोजणी खेड्यातल्या माणसांच्या हाती दिली. तिथल्या बायांकडे आजाराला शब्द होते, लहाक म्हणत, डबा म्हणत. लक्षण त्यांना डॉक्टरांइतकंच दिसत होतं. अडचण आकड्यांची होती. दोन महिन्यांखालचं बाळ मिनिटाला 60 च्या वर श्वास घेत असेल, वर्षाच्या आतलं 50 च्या वर, तर धोका. पण दाईला बारापुढे मोजता येत नसेल तर? मग त्यांनी एक लाकडी मोजणी यंत्र केलं. मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. तान्ह्यासाठी पाच हिरवे आणि सहावा लाल, मोठ्यासाठी चार हिरवे आणि पाचवा लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर औषध सुरू. 1990 साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा अहवाल आला. जिथे हे काम झालं त्या गावांत न्यूमोनियाने दगावणाऱ्या मुलांचं प्रमाण शेजारच्या गावांच्या निम्म्याहून खाली गेलं होतं.

मी ते यंत्र फोटोतच पाहिलं आहे. पाटीवरच्या मण्यांसारखं दिसतं, बालवाडीतलं. घाबरलेल्या हाताला दिव्याकडे, विळ्याकडे जाण्याआधी मिनिटभर गुंतवायला याहून चांगलं काही कुणी केलं असेल असं मला वाटत नाही.

आमच्याकडे मणी नाहीत. सुनेची एक वही आहे. डॉक्टरांनी शिकवलेलं तिने पहिल्या पानावर लिहिलंय: झोपेत मोजायचं, रडताना नाही, पूर्ण मिनिट मोजायचं, अर्ध्याची दुप्पट करायची नाही, वर्षापुढच्या मुलाचे चाळीसच्या वर गेले, खड्डा पडला किंवा पाणी घेईना, तर वहीत लिहीत बसायचं नाही, निघायचं. म्हणजे त्या पहिल्या रात्रीचं माझं अठ्ठावन्न तिच्या हिशेबात कच्चंच. पुढची पानं आकड्यांची. 28. 31. 26. मध्येच 44, आणि समोर लाल पेनाने तारीख. त्या वहीत रोगाचं नाव अजून कुठेच नाही.

दिवाळीला नात आमच्याकडे अमरावतीला होती. आता ती पुष्कळ बोलते. दुपारी उघडा पडलो होतो तर शेजारी येऊन लवंडली आणि तिला ठिपके सापडले. ‘आबा, हे काय?’

‘बिब्ब्याची फुलं.’

‘कोणी काढले?’

‘माझ्या आजीने.’

तिला ते पसंत पडलं असावं. बोट टेकवून मोजायला लागली. एक, दोन, तीन, पाच, आठ. मग पुन्हा पहिल्यावर बोट, कारण दहापर्यंत गेल्याशिवाय तिचं मोजणं संपत नाही आणि ठिपके पुरत नव्हते. मोजता मोजता बोट जड झालं आणि तिथेच राहिलं. तिचं पोट माझ्या बरगडीला लागून वर-खाली होत होतं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर येईपर्यंत मी थांबलो. तेवीस, चोवीस, पंचवीस. एवढ्यात बाहेर कुणीतरी बेल वाजवली, ती दचकली, कूस बदलून पुन्हा झोपली, आणि माझा आकडा हुकला.

सेकंदकाटा पुन्हा बारावर यायची वाट पाहत राहिलो.