कापसाची प्रत आणि माणसाची पत

मोल ठरविणे हाच ज्यांचा व्यवसाय, अशी माणसे आपल्या अवतीभवती पुष्कळ असतात. सोने कसाला लावणारा सराफ, उत्तरपत्रिका तपासणारा परीक्षक, उभ्या पिकाची पैसेवारी काढणारा महसूल कर्मचारी. त्यांच्या एका शब्दावर दुसऱ्याचे अख्खे वर्ष अवलंबून असते, आणि म्हणूनच त्यांच्याविषयी समाजात आदर थोडा आणि संशय फार. आमच्या परभणी जिल्ह्यात हा आदर आणि हा संशय सर्वाधिक कोणाच्या वाट्याला आला असेल, तर तो कापसाच्या ग्रेडरच्या.

परभणी, मानवत, सेलू, जिंतूर, गंगाखेड हा सारा काळ्या जमिनीचा मुलूख. दिवाळीच्या आगेमागे घराघरांतून कापसाचे ढीग लागतात, आणि मुलीचे लग्न, दुकानदाराची उधारी, सोसायटीचे कर्ज अशी सारी गणिते त्या ढिगाकडे पाहूनच मांडली जातात. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना अमलात आली. त्याच वर्षी परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठाचीही स्थापना झाली. या योजनेनुसार शेतकऱ्याने आपला कापूस शासकीय खरेदी केंद्रावरच घालावयाचा असे. व्यापाऱ्याच्या मनमानीपासून त्याचे रक्षण व्हावे, हा हेतू चांगलाच होता. परंतु खरेदीदार एकच असल्यामुळे प्रतवारी पटली नाही तरी गाडी दुसऱ्या दारी नेण्याची सोय राहिली नाही. दोन दोन दिवस रांगेत थांबलेल्या शेतकऱ्याचे भवितव्य ग्रेडरच्या हातात येई, आणि तेही अवघ्या काही मिनिटांत ठरे.

हे ‘हातात येणे’ शब्दशः खरे होते. ग्रेडर गाडीत कोपरापर्यंत हात घालून तळचा कापूस वर काढी, कारण वरचा थर सारेच निवडून लावतात. मग त्याचा रंग पाही. पाचोळा किती, कवडी किती, पावसाने पिवळट झालेली बोंडे किती, हे न्याहाळी. मूठ दाबून सोडली की वाळलेला कापूस पुन्हा फुलतो, ओला मात्र दबूनच राहतो. एखादी सरकी दाताखाली धरली की ती कटकन फुटते की नुसती चेपते, यावरून ओलावा समजे. शेवटी दोन्ही हातांच्या चिमटीत तंतूंचा पुंजका ओढून, विरळ करून तो धाग्याची लांबी अजमावी. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. हजारो गाड्यांनंतर ते बोटांत उतरते.

अशा पारखीची गरजच काय, असे कोणी विचारील. गरज आहे, आणि ती प्रामाणिक शेतकऱ्यालाच अधिक आहे. अमेरिकेतील यादवीच्या काळात (१८६१ ते १८६५) कापसाचे भाव भडकले, तेव्हा गाठींत पाणी, माती, सरकी मिसळण्याचे प्रकार इतके बोकाळले होते की, मुंबई इलाख्यात १८६३ साली कापसातील भेसळीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे तो कायदा येथे लागू नव्हता. पण त्यामागचे सत्य सर्वत्र सारखेच. चांगले आणि वाईट एकाच भावाने जाऊ लागले, की चांगले पिकविणाऱ्याचाच तोटा होतो. पुढे १९२४ साली मुंबईत माटुंग्याला कापसाची तांत्रिक प्रयोगशाळा उभी राहिली. धाग्याची लांबी, बारीकपणा, बळकटी यांची शास्त्रशुद्ध मोजणी तेथे होऊ लागली. खऱ्या वजनमापांचा आग्रह तर जुन्या करारातील नियमशास्त्रानेही धरला आहे. मोजणे हे पाप नाही. खोटे मोजणे हे पाप आहे.

आमच्या गल्लीत एक निवृत्त ग्रेडर राहत असत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका खरेदी केंद्रावर त्यांचे काम जवळून पाहण्याचा योग मला आला. त्यांची एक रीत माझ्या मनात कायमची ठसली. गाडीतून काढलेला नमुना ते आपल्यापाशी ठेवीत नसत. शेतकऱ्याच्याच ओंजळीत देत. एकदा एका वृद्ध शेतकऱ्याचा कापूस ओला निघाला.

“मामा, हात घाला आत. खाली गार लागतंय का नाही, तुम्हीच सांगा.”

म्हाताऱ्याने हात घातला आणि तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “लागतंय साहेब. पर दव पडलं, त्याला म्या काय करू?”

“दवाचा दोष तुमच्या नावावर मी लिहीत नाही, मामा. पण भाव मला कापसाचाच लिहावा लागतो. तिकडं मोकळ्या जागेत पसरा, दोनपर्यंत ऊन खाऊ द्या, मग आणा. नंबर जाणार नाही तुमचा.”

दुपारी तोच कापूस एक प्रत वर चढला. मात्र त्याच दिवशी दुसऱ्या एका गाडीतील कवडीमिश्रित कापसाला त्यांनी खालचीच प्रत दिली, आणि गाडीवानाने मोठमोठ्याने घातलेल्या शिव्या मान खाली घालून ऐकून घेतल्या. त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, “मास्तर, या कामात हात कापसावर ठेवायचा असतो, पण नजर माणसाच्या तोंडाकडं जाते. ती गेली की प्रत चुकते. आणि नजर अजिबात गेली नाही, तर आपण चुकतो.”

या वाक्याचा अर्थ मला पुढे हळूहळू उलगडत गेला. प्रतवारीच्या पावतीवर जे उमटते, ते त्या दिवशीच्या त्या कापसाचे मोल. त्यात पुष्कळ काही उमटतच नाही. कापूस वेचणाऱ्या बहुतेक आमच्या आयाबहिणी. त्यांना मजुरी किलोवर मिळते. म्हणून हात भरभर चालावा लागतो, आणि भरभर चालणाऱ्या हाताला बोंडाबरोबर पाचोळाही येतो. शेतकऱ्याची प्रत त्या पाचोळ्याने घटते, पण जपून वेचले तर बाईच्या घरची चूल मंदावते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यासह राज्यभर कापसाची धूळधाण केली. त्या वर्षीच्या किडक्या कापसाला खालची प्रत देणारा ग्रेडर अन्यायी नव्हता, आणि तो कापूस आणणारा शेतकरीही आळशी नव्हता. दोघेही खरे असताना एकाचे नुकसान व्हावे, असे प्रसंग या व्यवसायात नित्याचे आहेत.

आज काळ बदलला आहे. एकाधिकार योजनेची मक्तेदारी या शतकाच्या आरंभीच ओसरली. आता खासगी व्यापारी आहेत, आणि हमीभावासाठी भारतीय कापूस महामंडळ आहे. सरकी दाताखाली धरण्याऐवजी ओलावा मोजण्याचे यंत्र कापसात खुपसतात. आठ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे प्रत्येक टक्क्याला कपात, आणि बारा टक्क्यांच्या वर खरेदी नाही. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये ठरला. तेव्हा दहा टक्के ओलावा निघाला की क्विंटलमागे सुमारे १६२ रुपये गेले. वीस क्विंटलवाल्याचे सव्वातीन हजारांच्या आसपास. यंत्राला भीडमुर्वत नाही, ही जमेची बाजू खरीच. परंतु यंत्राचा आकडा कोणाकडे तोंड करून दाखविला जातो, ते कापसाच्या कोणत्या थरात खुपसले, वाळवून आणण्याची संधी दिली की नाही, हे प्रश्न आजही माणसाच्याच हातात आहेत. न दाखविलेला आकडा आणि न समजावलेली प्रत यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने काहीच अंतर नाही.

वाचकहो, आपणही कोणाचे ना कोणाचे ग्रेडर असतोच. शाळेत मुलांचे, कार्यालयात हाताखालच्यांचे, घरात सुनेच्या स्वयंपाकाचे, आणि लग्नाच्या बैठकीत तर परक्या घरातील लेकीबाळींचेही. तेथे वरवरचा थर पाहून आपण मोकळे होतो. नमुना समोरच्याच्या ओंजळीत देऊन, “तुम्हीच पाहा” असे म्हणण्याचे सौजन्य आपल्यापैकी कितीजण दाखवितात? आणि खालची प्रत द्यावी लागलीच, तर ऊन कोठे मिळेल हे सांगतात?

आमचे ते शेजारी आता हयात नाहीत. त्यांच्या हातून किती गाड्यांची प्रत ठरली, याचा हिशेब कोठेही नसेल. पण मानवतच्या बाजारात एका शेतकऱ्याने मला सांगितले होते, “त्या साहेबांनी माझा माल दोनदा खाली टाकला. तरी त्यांच्याच काट्यावर जावंसं वाटायचं.” एखाद्याच्या कामाची प्रतवारी करावयाची झाली, तर याहून वरची प्रत मला माहीत नाही.