कोर्लईचा मुक्काम

पेणहून कोर्लईस जावयाचे म्हणजे वडखळ, अलिबाग, चौल, रेवदंडा अशी गावे मागे टाकून साळावचा पूल ओलांडावा लागतो. रोहेकरांस तर हा मुलूख परका नाहीच. त्यांच्या गावावरून वाहणारी कुंडलिका येथेच समुद्रास मिळते. तिच्या मुखाशी, पाण्यात शिरलेल्या चिंचोळ्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे व पायथ्याच्या गावात कोळ्यांची आणि ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती. बहुतेक प्रवासी किल्ला पाहून त्याच दिवशी परततात. आम्ही मात्र एका कोळ्याच्या घरी, उतारूंसाठी राखलेल्या माडीवरच्या खोलीत, दोन रात्री काढल्या; आणि गाव पाहण्याची खरी रीत हीच, असे आमचे मत झाले.

खिडकीतून सुकत्या मासळीचा वास येई. पहिले दोन तास तो जाणवला, पुढे विसरलो. आम्ही शाकाहारी, म्हणून घरधनिणीने तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे व सोलकढी वाढली. सकाळचा चहा केव्हा मिळेल, असे विचारता ती म्हणाली, "भरती बघून सांगते." या किनाऱ्यावरील डोल जाळे समुद्रात एका जागी रोवून ठेवितात. पाण्याच्या ओढीने मासळी त्यात शिरते व ओढ मंदावताच जाळे उपसतात. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरते. तिच्याबरोबर घरातील चूलही सरते. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. आपण तिथी पंचांगात पाहतो, ही मंडळी पाण्यात पाहतात.

सायंकाळी ख्रिस्ती आळीतून फिरताना एक अनोळखी बोली कानी पडली. १७४० मध्ये पोर्तुगीजांचा अंमल येथून उठला. पण त्यांच्या भाषेतून उपजलेली ही बोली मागे राहिली. बोलणारे तिला 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, परंतु क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी! शेजाराचा केवढा हा प्रभाव! आज ती या एका गावातील काही कुटुंबांपुरतीच उरली आहे. मुले मराठीत शिकतात आणि मोठी झाली की पोटासाठी मुंबईची वाट धरतात.

कोळ्यांचीही चिंता याच जातीची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत वर्षभर साठविलेल्या खोलीभाड्याचा आधार होतो, असे यजमानांनी सांगितले. गावात पोट भरले तर माणसे गावात राहतील, आणि माणसे राहिली तरच त्यांची बोली राहील. याकरिता वाचकांस आमची विनंती एवढीच: कोर्लईस जाल तेव्हा परतीची घाई करू नका, एक रात्र तरी राहा, आणि चहाची वेळ भरतीवर सोपवा.