एकाच जहाजावर दुसऱ्यांदा

घर बदलणे तुम्हांला ठाऊक असेल. टेम्पो येतो, भांडी गोणीत भरली जातात आणि एखादी बरणी हमखास फुटते. पण घर तेच ठेवून फक्त खोली बदलायची आणि तीही तीन-चार तासांत, असे तुम्ही कधी ऐकले आहे का? समुद्रावरच्या सहलीच्या जहाजात असे घडते. मी ते पाहिले आहे, म्हणून तुम्हांला सांगते.

आमचे मामू रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावचे. त्या बाजूच्या पुष्कळ घरांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या जहाजावर नोकरी करीत आले आहेत. मामूंनी एकतीस वर्षे केली. सुरुवातीला ते मालवाहू जहाजावर खलाशी होते; पुढे परदेशी प्रवासी जहाजांवर केबिनी साफ करण्याचे काम त्यांच्याकडे आले. प्रवासी म्हणून मात्र ते कधीच जहाजावर चढले नव्हते, आणि मामींनी तर जहाज फक्त लांबून पाहिलेले. कुवेतला असलेल्या मुलाने दोघांसाठी तिकिटे काढली आणि सोबतीला मला घेतले. 1 मेला निकाल लावून मी मोकळीच होते.

मुंबईच्या बॅलार्ड पियरहून गोवा आणि परत मुंबई, ही पहिली सफर. त्याच जहाजाची, त्याच दिवशी सुटणारी दुसरी सफर लक्षद्वीपची. आमची तिकिटे दोन्ही सफरींची होती. तुम्ही म्हणाल, मग त्याच खोलीत बसून राहायचे! पण प्रत्येक सफर वेगळी विकली जाते. आमची खिडकीची केबिन पुढच्या सफरीसाठी दुसऱ्याच कुटुंबाने आधी घेऊन ठेवली होती. आम्हांला मिळाली आतल्या बाजूची, बिनखिडकीची.

गोव्याविषयी मी काही लिहीत नाही. ते तुम्ही भूगोलात वाचता आणि त्या दिवशी तिथे ऊन फार होते.

मुंबईला परत आलो त्या सकाळी केबिन साफ करणारा मुलगा दारात आला. अदबीने म्हणाला, “हँगरवरचे कपडे तसेच राहू द्या, मी नव्या केबिनमध्ये नेऊन लावतो. बाकीचे बॅगेत भरा. औषधे, पैसे आणि दागिने मात्र स्वतःजवळ ठेवा, आणि तिजोरी रिकामी करायला विसरू नका.” तो गेला आणि मामू उठले. त्यांनी तिन्ही बिछान्यांच्या चादरी ओढून काढल्या, उशांचे अभ्रे उतरवले आणि सगळ्यांचे एक गाठोडे बांधून दाराशी ठेवले. ओले टॉवेल वेगळे केले. कचऱ्याची पिशवी बांधली. त्यांचे हात इतके भरभर चालत होते, की मी मदतीला पुढे होईपर्यंत काम उरकलेसुद्धा.

मामींना संकोच वाटला. “अहो, आज तुम्ही पाहुणे आहात. लोक काय म्हणतील?”

“लोक चहा पीत असतील,” मामू म्हणाले. “त्या पोराकडे पंधरा-वीस केबिनी असणार. जुने लोक उतरल्यापासून नवे चढेपर्यंत त्याला सगळ्या नव्यासारख्या करून द्यायच्या आहेत. आजच्या दिवशी तो जेवतो की नाही, हे त्यालाच ठाऊक.”

मामी गाठोड्याकडे पाहत राहिल्या. एकतीस वर्षांत घरी आलेल्या पत्रांत एकच ओळ असायची: ‘ड्यूटी चांगली आहे.’ ती ड्यूटी म्हणजे काय, हे त्यांनी त्या सकाळी प्रथमच डोळ्यांनी पाहिले.

मग आम्ही एका दिवाणखान्यात जाऊन बसलो. आमच्यासारखे पुढे जाणारे आणखी थोडेच लोक होते. जहाजावर मिळालेले कार्ड म्हणजे मोठी चीज! दार त्यानेच उघडते, खरेदी त्यावरच होते, आणि चढता-उतरताना मोजणीही त्यावरच होते. आमची जुनी कार्डे आता निकामी झाली. मागचे बिल चुकते करून नवी कार्डे घ्यावी लागली, कारण जहाजाच्या दृष्टीने आमची सफर संपली होती आणि आम्ही नव्याने येत होतो. मामू सांगत होते, की अमेरिकेच्या बंदरांत तर पुढे जाणाऱ्या प्रवाशांनाही काही वेळ खाली उतरवतात. शेवटचा माणूस उतरल्याखेरीज नव्यांना चढू देत नाहीत.

जहाज रिकामे झाले. संगीत थांबले. लांबलचक बोळांत चादरींचे ढीग पडले होते, दारे सताड उघडी होती आणि ढकलगाड्या धावत होत्या. प्रवाशांसमोर हळू बोलणारे कर्मचारी एकमेकांना मोठ्याने हाका मारीत होते. मला शाळा सुटल्यावरचे आवार आठवले. मामू मात्र खुर्चीत ताठ बसून ते आवाज ऐकत होते. माझ्याशी ते बराच वेळ बोलले नाहीत.

दुपारी नव्या केबिनमध्ये गेलो, तर कपडे खरोखरच त्याच क्रमाने टांगलेले! एवढ्यात घोषणा झाली: सर्वांनी सुरक्षेच्या कवायतीला यावे. काही प्रवासी कुरकुरले, “आम्ही ही कवायत तीन दिवसांपूर्वी केली आहे.” मामू उभे राहिले. “केबिन बदलली की जमायची जागाही बदलते,” ते म्हणाले. “चला.”

मुलांनो, ही गोष्ट किरकोळ नाही. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळले आणि 32 माणसे दगावली. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांच्या आत केली तरी चालत असे. 2015 पासून नियम बदलला. आता कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणीच व्हावी लागते. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. तो ऐकून पाय जुन्या जागेकडे वळले तर?

आमची जुनी जागा उजव्या बाजूला होती, नवी डाव्या बाजूला. मामूंच्या खलाशी बोलीत उजवी बाजू म्हणजे ‘जमना’ आणि डावी म्हणजे ‘डावा’. मराठीतला हा शब्द कितीतरी उर्दू आणि बंगाली बोलणाऱ्या खलाशांच्या तोंडी सात समुद्र फिरला आहे. तुम्हांला मराठी अवघड वाटते ना? मग हे ध्यानात असू द्या!

कवायत झाली तरी मामूंचे समाधान होईना. मामींना चश्मा काढायला लावून त्यांनी केबिनपासून जिन्यापर्यंत दोनदा चालवले. “दारे हाताने मोज. धूर झाला तर डोळे कामाचे नाहीत.” मामींनी मोजली. अकरा दारे, मग डावीकडे जिना. त्यांचे गुडघे दुखत होते, पण त्या काही बोलल्या नाहीत.

रात्री दिवा मालवला आणि असा काळोख झाला, की डोळे उघडे आहेत की मिटलेले तेही कळेना. मामींनी न्हाणीघराचा दिवा लावून दार किलकिले ठेवले. बराच वेळाने त्यांनी विचारले, “तुमची खोली अशीच होती?”

“याहून लहान. चौघांची.”

“पत्रात कधी लिहिले नाही.”

“लिहून तू काय केले असतेस?”

“जागी राहिले असते,” मामी म्हणाल्या.

मामूंनी उत्तर दिले नाही. सकाळी मला जाग आली तेव्हा मामींचा बिछाना रिकामा होता. मी घाईने वर गेले. त्या कठड्याशी उभ्या होत्या, एकट्या. पूर्वेकडे नुकते उजाडत होते. मला पाहून म्हणाल्या, “अकरा दारे, बेटा. बरोबर अकरा.”