तीन किलो भाजीचा हिशेब

संगमनेर,
20 जून

चि. वैशाली,

शाळेमागच्या पडीक तुकड्यात परसबाग करायची म्हणतेस, जरूर कर. मात्र पोषण आहाराची भाजी तिच्यातून निघेल असं धरून चालू नकोस. पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी असं सरकारी प्रमाण आहे. तुझा पट साठचा, म्हणजे रोज 3 किलो भाजी हवी. चार वाफ्यांत ती कुठून यायची? त्यातून दिवाळीच्या सुट्टीत पाणी घालायला कोणी नसलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तांदूळ अन्न महामंडळाचा, त्यात आपण काही बोलायचं कारण नाही. भाजी मात्र गावात घेता येते. 3 किलोला व्यापारी विचारत नाही; पण चार-पाच गुंठ्यांत माळवं करणाऱ्या बाईला ते रोजचं हक्काचं गिऱ्हाईक. मुलांच्या आयांमध्येच अशा दोघी-तिघी सापडतील. काय लावायचं ते पेरणीआधीच त्यांच्याशी बोलून ठरव. पावसाळ्यात दोडका, घेवडा. थंडीत मेथी, पालक. पुढे विहिरी आटल्या की तांबडा भोपळा कामाला येतो. पिकलेला भोपळा महिनोन्‌महिने टिकतो. अनुदान रखडलं तर पैसे कुठून द्यायचे, हे शाळा व्यवस्थापन समितीत आधीच काढ. दोन महिने उधारी थकली की बाई मुकाट्यानं बाजाराची वाट धरते.

ब्राझीलनं 2009 साली कायदाच केला: शाळेच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातले किमान 30 टक्के लहान शेतकरी कुटुंबांकडच्या मालावर खर्च व्हायला हवेत, असं त्यात होतं. आपल्याकडे अशी सक्ती नाही, म्हणून सगळं तुझ्यासारखीच्या मनावर.

मग बाग कशाला? शिकायला. एका वाफ्याला शेणखत घाल, शेजारच्याला घालू नकोस, आणि दर सोमवारी मुलांना फूटपट्टी घेऊन बसव. चौथीच्या हाती ताजवा दे. मेथी निवडण्याआधी तोलायची, निवडल्यावर पुन्हा तोलायची. काड्या वजा जाता किलोला खरा भाव काय पडला ते त्यांनीच काढायचं. बियाणं दुकानातून आणू नकोस. तुझ्याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. त्यांना 2020 ची पद्मश्री जाहीर झाली. तुझ्या मुलांच्या आज्यांकडेही वाला-घेवड्याचं बी निघेल. कधी पेरतात, कीड कशी आवरतात, हे आजी सांगेल तसं पोरांकडून लिहवून घे. मराठीचा तास त्यातच होईल.

भाजी देणाऱ्या बाईला महिन्यातून एकदा वर्गात बोलव आणि खुर्ची दे. तिच्याशी भावावरून घासाघीस मात्र करू नकोस. आपल्या आईच्या मेथीचा भाव शाळाच पाडून मागते हे पोरांनी बघितलं, तर तुझ्या बागेतले सगळे धडे त्यांना खोटे वाटतील.

पहिल्या महिन्याचा हिशेब मला पाठव.

तुझी,
मावशी