एक आहे ना, मग?

सकाळच्या नांदेड-लातूर एसटीत बरेच जण निकालाच्या मागे असतात. कुणाच्या पोराचं ‘नीट’, कुणाच्या मुलीची अ‍ॅडमिशन. ‘लातूर पॅटर्न’चा महिमा! खिडकीशी बसलेली मीही निकालालाच निघालेली असायचे. फरक इतकाच, की माझ्या परीक्षेत कितीही मेहनत केली तरी मार्क वाढत नव्हते.

माझी लेक पाच वर्षांची आहे. तिच्या वेळी कुठला डॉक्टर नि कुठलं कॅलेंडर! लग्नानंतर वर्षाच्या आत गुड न्यूज. दुसऱ्या वेळीही असंच होणार, हे गृहीत धरलं होतं. दोन वर्षं झाली, काहीच नाही. आधी मूल झालेलं असताना वर्षभर प्रयत्न करूनही पुन्हा दिवस गेले नाहीत, तर त्याला ‘सेकंडरी इन्फर्टिलिटी’ म्हणतात. (पस्तिशी उलटली असेल तर सहा महिन्यांतच तपासून घ्यायचं असतं.) दुखण्याला नाव मिळालं, पण सांगायचं कुणाला?

मैत्रिणी म्हणाल्या, ‘अगं, एक आहे ना! ज्यांना एकही नाही त्यांचं बघ.’ नातेवाइकांनी तर परस्पर ठरवलं, की मला मुलगा हवाय. ‘लागेल गं वंशाचा दिवा!’ अहो, मला दिवा नकोय, लेकरू हवंय. पुन्हा मुलगी झाली तरी नाचेन!

नांदेडात कुणी ओळखीचं भेटेल म्हणून लातूरचं क्लिनिक गाठलं. तिथली वेटिंग रूम सगळ्यात अवघड. समोर आठ-दहा वर्षं वाट बघणाऱ्या बायका. एकदा लेकीचा फोन आला, ‘मम्मा, येताना बाळ आणशील?’ मी घाईनं फोन कट केला आणि स्क्रीनवरचा तिचा फोटो दिसू नये म्हणून मोबाइल पालथा ठेवला. संध्याकाळी जाणवलं, मी माझीच लेक लपवली होती.

नवऱ्याचं वेगळंच. ‘पहिली माझीच ना? मग माझी टेस्ट कशाला?’ डॉक्टर शांतपणे म्हणाले, पहिलं मूल म्हणजे कायमचं सर्टिफिकेट नव्हे. मधल्या काळात वय, वजन, थायरॉइड, तंबाखू, एखादं इन्फेक्शन... दोघांच्याही शरीरात बरंच काही बदलतं. आणि पुरुषाची तपासणी सगळ्यात सोपी, तरी तीच शेवटी होते. रिपोर्ट काय आला ते आमच्यापुरतं. पण त्यानंतर एसटीत शेजारी तो असायला लागला.

एकदा लातूरला सासूबाईंच्या बहिणीकडे मुक्काम केला. मावशी किल्लारीच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात त्यांची धाकटी गेली, थोरला वाचला. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन आधीच झालेलं. रात्री मला रडताना पाहून त्या जवळ बसल्या. ‘मलाबी समदे म्हणायचे, एक तर वाचलं ना. एका लेकरानं दुसऱ्याची जागा भरत नसती, पोरी. रड.’

माझं दुःख त्यांच्या दुःखाच्या पासंगालाही पुरायचं नाही. पण त्यांनी ते मोजलंच नाही. दोन वर्षांत मला ‘रड’ म्हणणारं ते पहिलं माणूस.

तेव्हापासून थोडं सोपं झालंय. डोहाळजेवणाचं आमंत्रण आलं, की झेपलं तर जाते, नाही तर नुसती साडी पाठवते. उपचार किती दिवस आणि किती पैशांपर्यंत, हे आम्ही दोघांनी डायरीत लिहून ठेवलंय. लेकीला सांगितलंय, ‘बाळ येईल की नाही, माहीत नाही. मम्माला कधी कधी त्याचं वाईट वाटतं, तुझ्यामुळे नाही.’ आणि ‘एक आहे ना?’वर आता उत्तर आहे : ‘हो, आहे. म्हणूनच तर कळतं, काय हवंय ते!’

परवा वेटिंग रूममध्ये मोबाइल सुलटाच ठेवला. शेजारच्या बाईंनी फोटो बघितला. ‘तुमची?’

‘हो, माझी.’

त्या हसल्या. ‘गोड आहे हो.’ मग आम्ही दोघी आपापल्या नंबरची वाट बघत बसलो.