नाव झाकलेली चिठ्ठी

भगिनींनो, अंक हाती पडला की तुम्ही आधी कोणते पान उघडता? खरे सांगा हं! पाककृती नंतर, विणकाम त्याहून नंतर. आधी सल्ल्याचे पान. 'एक दुःखी भगिनी'ने काय विचारले आणि तिला काय उत्तर मिळाले, ते वाचल्याशिवाय चहासुद्धा गोड लागत नाही. त्या पत्राखाली खरे नाव नसते. छापायचे असते तर पत्र लिहिलेच गेले नसते. सासरी राहून सासरचे दुःख नाव-पत्त्यासह कोण मांडील?

पण हीच निनावी लेखणी दुसरेही काम करते. एखाद्या मुलीचे लग्न ठरते, आणि चार दिवसांत मुलाकडे वहीचा फाडलेला कागद पोचतो. खाली सही नाही, अक्षर मुद्दाम वाकडे. 'मुलीची चौकशी करा' एवढेच वाक्य. पण तेवढ्याने घरातले तोरण उतरते. मग नाव न देता लिहिणे चांगले म्हणायचे की वाईट?

आमच्या बिरसीत हा प्रश्न नुसता बोलण्यापुरता नाही. गाव गोंदियाजवळच. विमानतळ आहे, शिकाऊ वैमानिकांची विमाने डोक्यावर घिरट्या घालतात. पण खाली बांधीत रोवणी करणाऱ्या बायका एकमेकींना पाठमोऱ्या ओळखतात. अशा ठिकाणी चारचौघींत मनातले बोलायचे म्हणजे धाडसच. म्हणून आमच्या बचत गटात एकीने सुचवले, "सगळ्यांसमोर तोंड उघडत नाही बाई. डब्यात चिठ्ठ्या टाकू."

बिस्किटांचा रिकामा डबा ठेवला. पहिल्या बैठकीत तीन चिठ्ठ्या निघाल्या. एकीत लिहिले होते, बैठक संध्याकाळी नको, ती स्वयंपाकाची वेळ. दुसरीत होते, 'कर्ज माझ्या नावावर निघते, पैसे घरचा माणूस नेतो, हप्ता मी मजुरी करून भरते.' ती वाचली आणि सगळ्या गप्प झाल्या. कोणाची, हे एकीनेही विचारले नाही. कारण ती पाच-सहाजणींची असू शकत होती. त्या दिवशी ठरले, कर्ज देण्याआधी त्या बाईला एकटीला बसवून विचारायचे, "तुला हवे आहे ना?"

तिसऱ्या चिठ्ठीत होते, 'अध्यक्षबाई पैसे खातात.'

अध्यक्षबाईंनी तिथेच पासबुक उघडले. पैन्‌पैचा हिशेब जुळला. पण त्या बिचाऱ्या उत्तर देणार कोणाला? प्रत्येकीच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. "तूच लिहिली असशील" या संशयावरून दोघी जावांचे बोलणे बंद झाले, ते अजून सुरू नाही. हिशेब जुळला, माणसे जुळली नाहीत.

डबा तोच, झाकलेली नावे तीच. मग फरक कुठे पडला? मला वाटते, इथे: दुसरीने स्वतःचे नाव झाकले आणि स्वतःचे दुःख सांगितले. तिसरीने स्वतःचे नाव झाकले आणि दुसरीचे उघडे केले.

आपल्याकडे याचा मोठा दाखला आहे. १८८५ साली मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या नावाने बालविवाह आणि विधवांची दशा यांवर पत्रे आली. लिहिणारी होती रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेली, नवऱ्याकडे नांदायला नकार दिलेली. तिच्यावर १८८४ पासून कोर्टात दावा चालू होता. नाव दिले असते तर लोकांनी पत्र बाजूला ठेवून तिचीच चर्चा केली असती. तिचा रोख रूढीवर होता, कुणा शेजाऱ्यावर नव्हता. आणि १८८७ साली कोर्टाने 'नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंग' असा हुकूम केला, तेव्हा तिने तुरुंग पत्करेन म्हणून सांगितले. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे ती विलायतेत शिकून १८९४ साली डॉक्टर झाली. नाव झाकले होते ते पळून जाण्यासाठी नव्हे. उद्या नाव उघडे पडले तर हेच मान वर करून म्हणता येईल का, हीच निनावी लिहिण्याची कसोटी.

तुम्ही म्हणाल, "ठरलेला मुलगा खरेच व्यसनी असेल तर? अध्यक्षबाईंनी खरेच पैसे खाल्ले असते तर?" रास्त आहे. अशा वेळी गप्प बसणे हेही पापच. पण मग एका तरी जबाबदार माणसाला आपले नाव सांगावे. मुलीच्या आईला गाठून म्हणावे, "ताई, एवढी चौकशी करा, माझे नाव मात्र काढू नका." ती दोन प्रश्न विचारू शकते, खरे-खोटे पारखू शकते. कागदाला कोण प्रश्न विचारणार?

कायद्यानेही हीच वाट धरली आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल २०१३ चा कायदा आहे. त्यात तक्रार लेखी द्यावी लागते, पण तक्रार करणारीचे नाव जाहीर करता येत नाही; आणि ज्याच्यावर तक्रार, त्याचेही नाही. दहांपेक्षा कमी माणसे असतील अशा ठिकाणी, घरकामाच्या जागीसुद्धा, जिल्ह्याची स्थानिक समिती दाद घेते. बालविवाह ठरतो आहे असे कळले तर १०९८ वर फोन करा; पैसे पडत नाहीत आणि सांगणाऱ्याचे नाव गुप्त ठेवतात. उलट, निनावी पत्राने धमकी देणाऱ्याला धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आमचा डबा अजून आहे. नियम तेवढा नवा: चिठ्ठीत स्वतःचे नाव नको, तसे दुसरीचेही नको. कोणाबद्दल तक्रार असेल तर गटातल्या दोघी वडीलधाऱ्यांना घरी जाऊन सांगायची. ऐकणाऱ्यांनी आधी कागदपत्र पाहायचे, मग बोलायचे, आणि सांगणारीचे नाव पोटात ठेवायचे. हे शेवटचे सर्वांत अवघड, कारण नाव पोटात राहत नाही म्हणूनच तर निनावी चिठ्ठ्या निघतात!

तेव्हा मैत्रिणींनो, कोणी विश्वासाने काही सांगितले तर ते आपल्यापाशीच राहू द्या. गावात अशा चारदोघी असल्या, तर वाकडे अक्षर काढायची वेळ कोणावर येणार नाही.